लोकसाहित्याच्या संकलनाला पैसा कोणी दिला? मुरुम परिसर आणि मराठवाड्यातील क्षेत्रकार्याचा इतिहास

लोकसाहित्य ज्यांच्या तोंडी असते त्यांच्या गावी जाऊन, त्यांच्या सवडीने आणि त्यांच्याच बोलीत ते ऐकावे लागते. म्हणून या विद्याशाखेत ‘क्षेत्रकार्य’, म्हणजे प्रत्यक्ष गावात राहून ऐकणे, पाहणे आणि उतरवून घेणे, हा अभ्यासाचा पाया मानला जातो. या कामाला खर्च येतो. एस.टी.चे भाडे, मुक्काम, वह्या आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र हा त्यातील उघड भाग झाला. ओव्या सांगण्यासाठी थांबलेल्या बाईची बुडालेली मजुरी हा न दिसणारा भाग असतो आणि तो बहुधा त्या बाईच्याच पदरी पडतो. संकलने कोणी केली याच्या नोंदी मराठीत पुष्कळ आहेत, पण ती करण्यासाठी पैसा कोणी दिला हे फारसे विचारले जात नाही. वास्तविक काय गोळा झाले, कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून गोळा झाले आणि सांगणाऱ्याचे नाव टिकले की गळून पडले, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पैशाच्या वाटेने ठरत गेल्या. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम आणि त्याच्या भोवतालचा मुलूख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण संकलनाचे जवळजवळ सगळे मोठे प्रवाह या मुलुखाच्या शेजारून गेले, काही त्याला चाटून गेले आणि काही फार उशिरा आत शिरले.

मुरुम हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारपेठेचे गाव असून तिथल्या बोलण्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू यांची सरमिसळ आहे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्याच जिल्ह्यात असलेल्या तुळजापुरामुळे भवानीची गाणी गाणारे आराधी, संबळाच्या तालावर देवीचे आख्यान लावणारे गोंधळी आणि मरीआईचा कोरडा अंगावर ओढून घेणारे पोतराज या परिसरात परंपरेने फिरत आले. नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबामुळे वाघ्या-मुरळींची परंपरा आली, आणि बसवण्णांच्या लिंगायत परंपरेमुळे कन्नड वचनांचे संस्कार मराठी घरांतही पोहोचले. दोन भाषांच्या आणि तीन-चार उपासनापंथांच्या सांध्यावरचा असा मुलूख लोकसाहित्याच्या अभ्यासकाला पर्वणी वाटावा. प्रत्यक्षात मात्र तो दीर्घकाळ संकलकांच्या नकाशाच्या कडेलाच राहिला.

या परिसरातील लोकसमजुतींची एक अतिशय जुनी लिखित नोंद एका रशियन माणसाने केलेली आहे. त्व्हेर या शहराचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास घोडा विकायच्या हेतूने चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बीदरला पोहोचला आणि पुढची काही वर्षे दख्खनमध्ये राहिला. बीदरच्या मुक्कामात त्याने आळंदच्या जत्रेचे वर्णन लिहून ठेवले. हे आळंद म्हणजे आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेले, मुरुमच्या दक्षिणेला फार दूर नसलेले गाव. तिथल्या शेख अलाउद्दीन, अर्थात लाडले मशायख, यांच्या दर्ग्याच्या निमित्ताने त्या काळी दहा दिवसांचा बाजार भरे आणि तिथे हजारो घोडे विक्रीला येत, असे तो सांगतो. त्याच ओघात रात्री उडत ओरडणाऱ्या एका पक्ष्याची समजूत येते: तो ज्या घरावर बसतो तिथे माणूस मरतो आणि त्याला मारू पाहणाऱ्यावर तो तोंडातून आग सोडतो. त्यापाठोपाठ रानातल्या वानरांना राजा आणि फौज असते, ही कथाही त्याने नोंदवली आहे. निकितिनला कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. तो स्वतःच्या भांडवलावर आला होता आणि बाजारभाव लिहिता लिहिता लोकांच्या तोंडचे लिहून गेला. म्हणून त्या नोंदीत ताजेपणा आहे, पण ती कोणी सांगितली याचा पत्ता नाही.

इंग्रजी अमदानीत संकलनाला पहिल्यांदा सरकारी आधार मिळाला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांच्या दख्खन दौऱ्यात ॲना लिबेराता डिसोझा या आयेकडून गोष्टी ऐकल्या आणि १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या लंडनमध्ये छापल्या. हा प्रवास सरकारी खर्चाचा आणि निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारी व्यक्ती घरच्या नोकरीतली, अशी ही सोय होती. तरीही ॲनाचे नाव आणि तिने सांगितलेली तिच्या घराण्याची हकीकत पुस्तकात आली, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल. १८९१ मध्ये ॲक्वर्थ या सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यानंतर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयीच्या प्रश्नावल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवल्या. जॅक्सन १९०९ मध्ये नाशिकला मारले गेले, आणि जमलेली उत्तरे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून आधी गुजरात व कोकण यांवरील टिपणांत आणि पुढे १९२४ च्या ‘द फोकलोअर ऑफ बाँबे’ या ग्रंथात वापरली. त्या टिपणांच्या तळटिपांत माहितीचा उगम म्हणून अमुक गावचा शाळामास्तर असा उल्लेख येतो. मास्तरांनी ती माहिती कोणत्या म्हातारीला, कोणत्या गुरवाला विचारली हे कुठेच येत नाही, कारण प्रश्नावली सरकारी कामाच्या कागदासारखी आली होती आणि उत्तर देणारा हुद्दा तेवढा सरकारला ठाऊक असणे पुरेसे होते.

शाळामास्तरांमार्फत गावाची माहिती मिळवण्याची ही रीत एकट्या मुंबई इलाख्याची नव्हती. रशियात १८४५ मध्ये स्थापन झालेल्या भौगोलिक संस्थेने प्रांतोप्रांती प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रिन्स तेनिशेव्ह या धनिकाने स्वतःच्या पैशाने एक नृवंशवर्णन कार्यालय चालवून मध्य रशियातील शिक्षक, धर्मगुरू आणि शिकलेले शेतकरी यांच्याकडून मोबदला देऊन गावांची माहिती लिहवून घेतली. याहून वेगळा मार्ग अलेक्झांडर हिलफर्डिंग यांनी चोखाळला. १८७१ च्या उन्हाळ्यात ते उत्तरेकडील ओलोनेत्स प्रांतात गेले, तिथल्या शेतकरी गायकांकडून ‘बिलिना’ म्हणजे वीरगीते त्यांनी उतरवून घेतली आणि तीनशेहून अधिक गीतांचा संग्रह विषयवार न लावता गायकवार लावला, म्हणजे प्रत्येक गायकाची ओळख आधी आणि त्याची गीते नंतर. पुढच्याच वर्षी दुसऱ्या फेरीत त्यांचा विषमज्वराने मृत्यू झाला, पण गीतामागे गायक असतो हे सूत्र रशियन अभ्यासात रुजले. विसाव्या शतकात बोरिस आणि युरी सोकोलोव्ह या बंधूंनी विद्यार्थिदशेतच बेलोझेर्स्क भागात जाऊन कथा-गीते जमवली. पुढे सोव्हिएत विद्यापीठांच्या भाषाशास्त्र शाखांत उन्हाळ्यातील लोकसाहित्य-मोहीम हा अभ्यासक्रमाचाच भाग बनला, त्यामुळे विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य ही कोणाच्या मर्जीची बाब न राहता पदवीची अट ठरली.

मुरुमपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही, याचे कारण राजकीय होते. जॅक्सनची प्रश्नावली मुंबई इलाख्यातील मास्तरांसाठी होती, आणि इलाख्याची हद्द सोलापूरच्या पुढे संपत होती. निजामी राज्यात जातिजमातींची नोंद घेणारा सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला, पण त्याचा हेतू रयतेची वर्गवारी हा होता. गाणी-गोष्टी त्यात ओघाने येतात. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९४० च्या दशकात निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला क्षेत्रकार्यासाठी पाठबळ दिले, मात्र त्यांचे काम चेंचू, रेड्डी आणि आदिलाबादचे राजगोंड या आदिवासींविषयी होते. संस्थान विलीन झाल्यावर १९५१-५२ मध्ये श्यामाचरण दुबे यांनी उस्मानियातील वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हैदराबादजवळच्या शामीरपेट गावाचा अभ्यास केला आणि त्यातून १९५५ चे ‘इंडियन व्हिलेज’ हे पुस्तक आले. विद्यार्थ्यांना गावात नेऊन सामूहिक क्षेत्रकार्य करण्याचा हा या प्रदेशातला लक्षणीय प्रयोग. तोही तेलुगू गावात झाला, मराठी गावात नाही.

मराठीभाषक भागात त्या काळी जे घडले ते सरकारी पैशाबाहेर घडले. उमरगा परिसरातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते, आणि मातृभाषेत शिकवणे हेच जिथे धाडस होते तिथे ओव्या गोळा करण्यासाठी अनुदान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. उस्मानियात मराठीचे प्राध्यापक असलेल्या ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातील बायकांच्या तोंडची गीते जमवली, ती अध्यापकाच्या पगारात आणि भाषाप्रेमात. इकडे इलाख्यात साने गुरुजींनी ओळखीच्या स्त्रियांकडून ओव्या मिळवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, आणि त्याची मांडणी माहेर, सासर, भाऊ, बाळ अशा विषयांनी केली. दुर्गा भागवतांनी मध्य प्रांताच्या रानात केलेल्या क्षेत्रकार्यात विषारी वनस्पती खाण्यात येऊन त्यांना सहा वर्षे अंथरूण धरावे लागले आणि डॉक्टरेट राहून गेली. एकट्याने, आधाराविना केलेल्या संशोधनाची किंमत देहाने कशी मोजली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत नाही. त्याच दुर्गाबाईंनी १९५६ मध्ये ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या विषयाला मराठीत शास्त्राची बैठक दिली.

१९५६ हेच वर्ष शासकीय लोकसाहित्य समितीच्या स्थापनेचे. चिं. ग. कर्वे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि १९६१ पासून ही जबाबदारी डॉ. सरोजिनी बाबर यांच्याकडे आली. समितीने ‘जनलोकांचा सामवेद’, ‘कुलदैवत’, ‘तीर्थांचे सागर’ यांसारखे खंड काढले, आणि मराठी लोकसाहित्याला राज्याच्या खजिन्यातून पहिल्यांदा सातत्याने पैसा मिळाला. सरोजिनीबाईंच्या कामाची खरी ताकद सरकारी यंत्रणेपेक्षा त्यांच्या गोतावळ्यात होती. प्राथमिक शिक्षिका, समाजशिक्षणाच्या कार्यकर्त्या आणि गावोगावच्या सासुरवाशिणी यांनी लिहून पाठवलेल्या मजकुरावर हे खंड उभे राहिले. मराठवाडा नुकताच मराठी राज्यात आला होता, आणि आपली गाणी सगळ्या महाराष्ट्राच्या पुस्तकात छापलेली पाहणे याला तिथे भावनिक एकीकरणाचे मोल होते. पण राज्याने दिलेल्या पैशातून राज्याची एक प्रतिमा उभी राहावी, ही अपेक्षाही ओघानेच आली. सण, व्रते, माहेर, देव यांना खंड मिळाले. मजुरी, दुष्काळ, सावकारी आणि जातीचा जाच यांवरच्या ओव्या त्या मानाने मागे पडल्या. १९६१ च्या जनगणनेबरोबर निघालेल्या जत्रा-उत्सवांच्या सूचींनी गावोगावच्या यात्रांची नोंद केली, तीही प्रशासनाला उपयोगी पडेल अशा तक्त्यांत.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि क्षेत्रकार्याला वेगळ्या प्रकारचे पाठबळ मिळाले: पदवीसाठीचा प्रबंध आणि अध्यापकाची नोकरी. डॉ. प्रभाकर मांडे यांचे काम या व्यवस्थेतले सर्वांत भरीव. ‘लोकसाहित्याचे स्वरूप’, ‘लोकरंगभूमी’ आणि ‘मौखिक वाङ्मयाची परंपरा’ या ग्रंथांतून त्यांनी तत्त्व आणि प्रयोग दोन्हींची मांडणी केली, तर ‘गावगाड्याबाहेर’मध्ये भटक्या-विमुक्तांच्या पालांवर जाऊन, गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांच्या परंपरा नोंदवल्या. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अर्थात यूजीसीचे, लघुसंशोधन प्रकल्प महाविद्यालयीन अध्यापकांना मिळू लागले. प्रवास, आकस्मिक खर्च, ग्रंथखरेदी अशा शीर्षांत वाटलेला हा निधी शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र जोडून परत हिशेबाला लावावा लागे. या चौकटीत निवेदकाला द्यायच्या मानधनासाठी सहज बसणारे शीर्ष नसे, त्यामुळे दिवसभर गाणाऱ्या बाईचा पाहुणचार अध्यापकाच्या खिशातून आणि तिची मजुरी तिच्याच खात्यातून जाई. हिशेबाच्या तक्त्यात ज्याला रकाना नाही त्याला पुस्तकातही जागा मिळणे कठीण जाते.

याच काळात मराठवाड्यात एक दुसरी, संकलनाशी थेट संबंध नसलेली शिष्यवृत्ती मूळ धरत होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ मध्ये सुरू झाली होती. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला काढलेले महाविद्यालय, म्हणजेच पुढचे मिलिंद महाविद्यालय, त्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांचे केंद्र बनले. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना राज्यात शुल्कमाफी मिळू लागली, आणि तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघाली. परिणाम असा झाला की ज्यांच्या घरात पोतराजाचा कोरडा टांगलेला होता, ज्यांच्या आईने जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या आणि ज्यांच्या आजोबांनी जलशांत गायले होते, ती मुले लोकसाहित्याचा पेपर देऊ लागली. डॉ. कृष्णा किरवले यांचा ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’ हा अभ्यास या बदलाचे ठळक फळ आहे: सरकारी समितीच्या खंडांत ज्या गाण्याला लोकसाहित्य म्हणून मान मिळणे अवघड होते, त्या गाण्याचा इतिहास त्याच परंपरेतून आलेल्या अभ्यासकाने लिहिला. या मुलांना मिळालेल्या पैशावर लोकसाहित्याचे नाव नव्हते. वसतिगृह, भोजन आणि शुल्क एवढ्यासाठीच तो होता. तरीही मराठवाड्यातील लोकसाहित्याच्या अभ्यासात संकलक आणि निवेदक यांच्यातले अंतर जर कोणत्या एका पैशाने कमी केले असेल, तर ते याच पैशाने.

विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य इथे का निराळे ठरते, हे मुरुम परिसरातील एका सणावरून समजते. मार्गशीर्षातील अमावास्येला लातूर-धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कन्नड भागात वेळ अमावास्या, बोलीत येळवस, साजरी होते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि उभ्या पिकात लक्ष्मीची पूजा करतात. ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली आंबील मडक्यात भरून आणलेली असते. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी आणि सोबत उंडे असतात. पूजेनंतर आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि त्या वेळी एकाने म्हणायचे व बाकीच्यांनी साथ द्यायची अशा घोषात कन्नड शब्द मराठी तोंडी येतात. त्या दिवशी गाव ओस पडते. ज्याला जमीन नाही तोही कोणाच्या तरी शेतात पाहुणा असतो. बाहेरून आलेल्या एकट्या संशोधकाला वर्षातून हा एकच दिवस मिळतो आणि त्या दिवशी तो एकाच शेतात हजर राहू शकतो. दहा शेतांतल्या रीतींची तुलना करायला त्याला दहा वर्षे लागतील. मुरुमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणारी मुले मात्र त्या दिवशी आपापल्या घरच्या किंवा नात्यातल्या शेतात असतातच, आणि घोषातला कन्नड भाग त्यांच्यापैकी अनेकांच्या कानावरचा असतो. त्यांना भाड्याचा पैसा नको असतो. काय टिपायचे याचे शिक्षण, टिपलेले जपण्याची जागा आणि त्या कामाला पदवीत मिळणारे मोल हवे असते.

टिपलेले जपण्याचा मोठा प्रयोग पुण्यात झाला. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी डोंगरी भागातील गरीब स्त्रियांच्या संघटनेचे काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. १९८० मध्ये उभारलेल्या त्यांच्या सामाजिक संशोधन केंद्राने हे काम महाराष्ट्रभर नेले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को आणि युरोपातील निधींचे साहाय्य मिळाल्याने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंद शक्य झाली, बर्नार बेल यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली, आणि २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अभिलेखागारातून लोकांपुढे येऊ लागला. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव राहते, आणि ओव्या गोळा करणाऱ्यांत स्वतः ओव्या गाणाऱ्या गावकरी स्त्रिया होत्या. पैसा परदेशी असूनही प्रश्न गावचे राहिले, ते संघटनेचे काम आधीपासून गावात उभे होते म्हणून. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते कोपऱ्यात गेले होते. खुंटा हाती घेतल्याशिवाय ओवी आठवत नाही, हे संकलकांना वारंवार दिसले आणि ध्वनिमुद्रणासाठी जाते पुन्हा मांडावे लागले. उमरगा तालुक्यावर याच दशकात दुसरा घाव बसला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, आणि ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. वाडे, गल्ल्या, पार आणि वेशीवरचा मारुती यांच्या जागा बदलल्या की पालखीचा मार्ग, आराध्यांच्या मेळ्याचा थांबा आणि बायकांची जमण्याची जागा बदलते. पुनर्वसनाच्या आराखड्यात घरांना आणि रस्त्यांना पैसा होता, जुन्या गावठाणातील या चालीरीती टिपून ठेवण्याचे काम त्या खर्चाच्या कक्षेत येत नव्हते.

आज विद्यार्थ्यापुढे मार्ग एकाहून अधिक आहेत, पण प्रत्येकाची दिशा निराळी. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे आणि तीत लोककलांचा समावेश आहे, मात्र ती गुरूकडे कला शिकण्यासाठी आहे, गावोगाव फिरून नोंदी करण्यासाठी नाही. त्याच मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती, म्हणजे संशोधनासाठी ठरावीक मुदतीचे मानधन, २५ ते ४० वयोगटाला दरमहा १०,००० आणि त्यापुढील वयाला २०,००० रुपये देते. पदवीला असलेला विद्यार्थी तिच्या कक्षेत येत नाही. यूजीसीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, पण तिच्यासाठी आधी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था त्या त्या समाजघटकांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना साहाय्य करतात. म्हणजे जो पैसा आहे तो एकतर कलावंताला किंवा प्रबंधलेखकाला मिळतो. ज्याच्या घरी, ज्याच्या शेतात परंपरा अजून चालू आहे त्या विशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी त्यात फारसे काही नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०११ मध्ये लोकसाहित्याचे स्वतंत्र विद्यापीठच स्थापन केले. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणमोल, मिळू लागले आहेत. रशियन विद्यापीठांनी उन्हाळी मोहिमेला पदवीची अट बनवून जे साधले त्याच्या जवळ जाणारी ही पहिली संधी आहे.

या सगळ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. प्रश्नावलीने हुद्दे टिपले, राज्याच्या समितीने सण टिपले, संशोधन-प्रकल्पाने प्रबंध दिले आणि संघटनेच्या आधाराने चाललेल्या कामाने गाणारीचे नाव टिकवले. पैसा ज्या चौकटीत दिला गेला त्या चौकटीच्या आकाराचेच लोकसाहित्य प्रत्येक वेळी हाती आले. सर्वांत जास्त फळ मात्र त्या शिष्यवृत्तीने दिले जिने मुलाला शिकायला लावले आणि त्याने कशाविषयी लिहावे हे सांगितले नाही. म्हणून मुरुमसारख्या गावातल्या विद्यार्थ्यांसाठी उद्या क्षेत्रकार्याची शिष्यवृत्ती आखायची झाली, तर तिच्यात तीन गोष्टी लेखी असायला हव्यात: निवेदकाच्या बुडालेल्या मजुरीसाठी स्वतंत्र शीर्ष, प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने घालण्याची अट, आणि नोंदीची एक प्रत त्याच गावच्या महाविद्यालयात ठेवण्याची तरतूद. विषय निवडण्याचा हक्क विद्यार्थ्याकडे राहू द्यावा, कारण मराठवाड्याच्या अनुभवात लोकसाहित्याच्या कक्षा रुंदावल्या त्या ज्यांना विषय नेमून दिला गेला नव्हता त्यांच्याच हातून.